मंडळाच्या सभागृहाचं वीजबिल आणि अनुदानाचा शोध (इंदूर)

नवा_खजिनदार | ८ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. सर्वसाधारण सभेत कोणीच हात वर केला नाही आणि मी नेमका त्याच वेळी डास मारला, म्हणून आमच्या मंडळाचा खजिनदार झालो. मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इंदूरकर ओळखतीलच, बाकीच्यांना फरक पडत नाही.

सभागृह १९६०च्या दशकातलं. साडेतीनशे खुर्च्या, स्टेज, वर वाचनालय, मागे भोजनगृह. अर्धं छप्पर स्लॅबचं, अर्धं पत्र्याचं. मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही, आणि पावसात नाटक असलं तर पत्र्यावरच्या ताशामुळे तिसऱ्या रांगेच्या मागे संवाद पोचत नाहीत. गेल्या बारा महिन्यांत १६,४०० युनिटं जळली. स्थिर आकार वगैरे सोडून नुसता युनिटचा दर सरासरी ८ रुपये पडतोय.

कार्यकारिणीला वाटतं की 'सोलरचं अनुदान' मिळतं, ते घेऊन टाकावं. मी एका विक्रेत्याला बोलावलं. तो गच्चीवर दहा मिनिटं फिरला, चहा प्यायला आणि २० किलोवॉटचं साडेदहा लाखांचं कोटेशन देऊन गेला. त्यात चार नवे एसी अडीच लाख, पंखे-दिवे एक लाख ऐंशी हजार आणि फॉल्स सीलिंग तीन लाख वीस हजार धरले की १८ लाख होतात. खात्यात दोन लाख दहा हजार आहेत.

प्रश्न सरळ आहे: सार्वजनिक संस्थेच्या सभागृहाला अशा कामासाठी पैसे कोण देतं? सरकार, कंपन्या, परदेशातले इंदूरकर, कोणीही चालेल. कोणी हे केलं असेल तर सांगा.

---

जिरावन | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

पीएम सूर्यघर! ७८ हजार सबसिडी थेट खात्यात. माझ्या घरी आली. आजच अर्ज टाका भिया, पोहे मी खिलवतो.

---

सयाजीबाग | ९ नोव्हेंबर, सकाळी ९.०२

जिरावन, थांबा जरा. ती योजना घरगुती ग्राहकांसाठी आहे. पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे मिळून ते ७८,००० होतात. ट्रस्टच्या सभागृहाचं कनेक्शन त्यात बसत नाही.

आम्ही वडोदऱ्याला याच योजनेत सोलर घेतलं, पण आमची निवासी सोसायटी आहे. जिन्यातले दिवे, लिफ्ट, पाण्याची मोटर अशा सामायिक वापरासाठी सोसायट्यांना किलोवॉटमागे १८,००० मिळतात. मात्र पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात, ते जरा महाग पडतात. तुमचं सभागृह एखाद्या निवासी सोसायटीच्या सामायिक मीटरवर असतं तर गोष्ट वेगळी होती.

---

नवा_खजिनदार | ९ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

नाही, मीटर मंडळाच्या नावावर, बिगरघरगुती. विक्रेता मात्र 'सबसिडी करून देऊ' म्हणाला होता.

---

उगाच_शंका | ९ नोव्हेंबर, सकाळी ९.४१

कोणाची ते म्हणाला होता का?

---

वॉटमीटर | ९ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

३४ वर्षं विजेच्या नोकरीत काढली, आता रिकामा आहे, म्हणून लांब लिहितो.

खजिनदारसाहेब, अनुदान नंतर शोधा. आधी सभागृहात टॉर्च घेऊन फिरा आणि काय किती आहे ते वहीत लिहा. पंखे किती, कितव्या सालचे, ट्यूबला चोक तांब्याचा का इलेक्ट्रॉनिक, एसी किती टनाचे, स्टेजवर कुठले दिवे, मोटर किती हॉर्सपॉवरची. प्रत्येकाचे वर्षाचे तास अंदाजाने लिहा. मग बोलू.

आणि मंजूर भार (वीज कंपनीकडून एकावेळी किती वीज ओढायची परवानगी आहे ते) किती आहे तो बिलावर बघा. सगळे युनिट बघतात, तो आकडा कोणी बघत नाही.

---

लष्करकर | ९ नोव्हेंबर, रात्री ८.५५

ग्वाल्हेरहून राम राम. आम्ही तीन वर्षांपूर्वी खासदार निधीच्या मागे लागलो होतो. दर खासदाराला वर्षाला ५ कोटी असतात, त्यातले आपल्याला पाच लाख काय जड, असा आमचा हिशोब. त्यात दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे पैसा संस्थेच्या हातात येत नाही. खासदार शिफारस करतात, जिल्हा प्रशासन काम तपासून मंजूर करतं आणि सरकारी यंत्रणा ते करून देते. म्हणजे तुमच्या ओळखीचा वायरमन, तुमच्या पसंतीचा पंखा वगैरे विसरा.

दुसरी गोष्ट जास्त लागली. जागेचा कागद मागितला. आमची जागा अजून एका संस्थापकांच्या नावावर निघाली. ते १९८१ साली वारले, नातू पुण्यात. नातवाने सही करायला नकार दिला नाही, फक्त फोन उचलणं बंद केलं. फाईल तिथेच आहे.

तुमचा कागद बघून घ्या, एवढंच.

---

ताळेबंद | १० नोव्हेंबर, रात्री १०.१०

सीए आहे, पण इथे फुकट सल्ला देतोय, त्यामुळे चूक निघाली तर फी परत मागू नये.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे सामाजिक कामांवर कायद्याने करायच्या खर्चाबद्दल. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ५०० कोटींची नेटवर्थ, किंवा १००० कोटींची उलाढाल, किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक असलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. इंदूरजवळच्या पीथमपूरला अशा कंपन्या भरपूर आहेत, आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. म्हणजे दार आहे.

पण दारातून आत जायला काय लागतं ते बघा. संस्था नोंदणीकृत हवी, १२ए (संस्थेला प्राप्तिकरातून सूट देणारी नोंदणी) हवं, ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मंजुरी) हवं, आणि कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घेतलेला हवा. १ एप्रिल २०२१ पासून हे बंधनकारक आहे. शिवाय 'तत्सम कामाचा' किमान तीन वर्षांचा अनुभव. तुमचा अनुभव नाटक, व्याख्यानं आणि गणेशोत्सवाचा. ऊर्जाबचतीचा नाही. म्हणून प्रस्ताव 'सोलर बसवा' असा लिहू नका. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत, पर्यावरणही आहे आणि कला-संस्कृतीही आहे. वाचनालय, मुलांचे वर्ग, नाट्यशिबिरं चालू राहावीत म्हणून इमारतीचा चालवण्याचा खर्च कमी करतोय, असं लिहिलंत तर तुमचा अनुभव कामाला येईल.

आता कटू भाग. लग्नाला हॉल भाड्याने देता ना? भाड्याची जमा एकूण जमेच्या किती टक्के आहे? 'सार्वजनिक उपयोगाचा इतर उद्देश' या सदरात मोडणाऱ्या संस्थेची व्यापारी स्वरूपाची जमा २० टक्क्यांवर गेली की प्राप्तिकराची सवलत अडचणीत येते. कुठलीही बरी कंपनी ताळेबंद बघते. तिला त्यात मंगल कार्यालय दिसलं तर चहा पाजून परत पाठवेल.

आणि सोसायटी (संस्था नोंदणी) कायद्याची कलम २७ आणि २८ची माहिती, म्हणजे कार्यकारिणीची यादी आणि ऑडिट केलेला हिशोब, दरवर्षी रजिस्ट्रारकडे जाते का?

---

नवा_खजिनदार | १० नोव्हेंबर, रात्री १०.३४

ताळेबंद सर, शेवटच्या प्रश्नाने झोप उडाली. उद्या कपाट उघडतो.

---

न्यूजर्सीकर_इंदुरी | ११ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

आम्ही इथे आठ-दहा जण आहोत जे त्या स्टेजवर लहानपणी उंदीर, झाड, सैनिक वगैरे झालो होतो. प्रत्येकी ५०० डॉलर सहज काढू. खाते नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

ताळेबंद | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

खजिनदार, खाते नंबर देऊ नका!

न्यूजर्सीकर, भावना पोचली, पण आधी पासपोर्ट कुठला ते सांगा. भारतीय नागरिक परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असूनही ती परदेशी देणगी. मग संस्थेला एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. चार पंख्यांसाठी मंडळाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

---

न्यूजर्सीकर_इंदुरी | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.३१

दहापैकी तिघे अजून भारतीय पासपोर्टवाले. बाकीचे आम्ही उंदीरच राहिलो म्हणायचं.

---

नवा_खजिनदार | १३ नोव्हेंबर, रात्री ११.५५

दोन दिवस सभागृहातच होतो. वॉटमीटर काकांनी सांगितल्याप्रमाणे यादी:

पंखे ३२, बहुतेक ७५ वॉटचे. ट्यूब ४४, जुन्या चोकच्या. एसी ४, दोन टनी, २००९चे. स्टेजवर हजार वॉटचे १२ पार कॅन (स्टेजचे झोताचे दिवे). मोटर ५ हॉर्सपॉवर. मंजूर भार ३० किलोवॉट.

कपाटाचं सांगतो. ऑडिट दरवर्षीचं आहे. कलम २७-२८ची पोच २०१९ पर्यंतची सापडली, पुढची नाही. करोनात राहिली ती राहिलीच. १२ए आहे, नूतनीकरण झालंय. ८०जीचं नूतनीकरण झालेलंच नाही. जागा सरकारी भाडेपट्ट्यावर आहे, आणि पट्ट्याचा मूळ कागद कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. माजी सचिव म्हणाले, "तो अमक्यांकडे होता." अमके वारले.

---

लष्करकर | १४ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

अमक्यांना नातू आहे का?

---

वॉटमीटर | १४ नोव्हेंबर, दुपारी १.१०

शाबास. आता बघा.

ट्यूब: चोकसकट ५० वॉट धरा, एलईडी २० वॉटची. ४४ गुणिले ३० म्हणजे १३२० वॉट. वर्षाला १५०० तास धरले तर १९८० युनिटं, साधारण १५,८०० रुपये. नव्या ट्यूब २५० रुपयांच्या हिशोबाने ११,००० रुपयांत. म्हणजे वर्षाच्या आत पैसे वसूल. याला अनुदान मागणं म्हणजे पोहे खायला कर्ज काढणं. उद्या बदला.

पंखे: बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरीचा) ३० वॉटचा. ३२ गुणिले ४५, १८०० तास, सुमारे २५९० युनिटं, २०,७०० रुपये. खर्च ९६,०००. साडेचार-पावणेपाच वर्षं. ठीक. पण रिमोटवाले घेऊ नका! एकाच मॉडेलचे असले की एक रिमोट दाबला तर आवाक्यातले सगळे पंखे ऐकतात. आमच्या ओळखीच्या एका हॉलमध्ये वधूपित्याने पंखा वाढवला आणि अक्षता भटजींच्या डोळ्यांत गेल्या. भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसी मिळतात, ते घ्या.

एसी: इथे तुमची कार्यकारिणी रागावणार. हे एसी वर्षात पन्नास संध्याकाळी पाच-पाच तास चालतात. नवे पाच स्टारचे घेतले तर एकेकाचे ७०० वॉट वाचतील, मिळून वर्षाला ७०० युनिटं, ५,६०० रुपये. अडीच लाख घालून ५,६०० वाचवायचे तर वसुलीला पंचेचाळीस वर्षं. २२ सप्टेंबरपासून एसीवरचा जीएसटी २८चा १८ झाला म्हणून घाई करणाऱ्यांनाही हेच उत्तर. सर्व्हिसिंग करा, २४ अंशांवर ठेवा, आणि पैसे पत्र्याखालच्या इन्सुलेशनला लावा. गरमीही कमी, पावसाचा ताशाही कमी.

पार कॅन: युनिटं फार वाचत नाहीत, वर्षाला बाराशे. पण हे १२ किलोवॉट आहेत! तुमच्या ३० किलोवॉटपैकी १२. एलईडी पार दीडशे वॉटचे घेतले तर पावणेदोनवर येतात. ट्यूब-पंख्यांसकट हिशोब केला तर एकूण भार १७च्या आसपास बसतो. मग भार कमी करण्याचा अर्ज द्या. स्थिर आकार किलोवॉटवर लागतो, तो दर महिन्याला कमी होईल, हॉल बंद असला तरी.

आता सोलर. १६,४०० मधून ही ५,८०० युनिटं गेली, राहिली १०,६००. इंदुरात १ किलोवॉट वर्षाला ढोबळ १४०० युनिटं देतं. म्हणजे तुम्हाला ८ किलोवॉट पुरे. तो २० किलोवॉटवाला चहा पिऊन कोणाचं भलं करत होता ते तुम्हीच ठरवा.

---

जिरावन | १४ नोव्हेंबर, दुपारी १.२५

वाखुसा (वाचनखूण साठवली). काका, माझ्या घरी या. पोहे खरंच खिलवतो.

---

उगाच_शंका | १४ नोव्हेंबर, दुपारी २.००

१८ लाखांचे किती झाले मग?

---

नवा_खजिनदार | १४ नोव्हेंबर, दुपारी २.४८

ट्यूब, पंखे, स्टेजचे दिवे मिळून १ लाख ७९ हजार. ८ किलोवॉटला साडेचार लाखांच्या आसपास. पत्र्याच्या इन्सुलेशनचा आकडा यायचाय. सव्वासहा लाख अधिक पत्रा.

सचिवांना एसीचं सांगितलं. ते तेव्हापासून माझ्याशी हिंदीत बोलतायत.

---

सयाजीबाग | १५ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

एक भर. काकांचे आकडे बरोबर वाटतात, पण कंपनीसमोर 'फोरमवरच्या एका काकांनी काढले' म्हणून चालत नाही. कोणाच्या तरी सही-शिक्क्याचं ऊर्जा लेखापरीक्षण हवं. ऊर्जा दक्षता ब्यूरोचे प्रमाणित ऑडिटर असतात, पण त्यांची फी लागेल. इंदुरात देवी अहिल्या विद्यापीठात ऊर्जा आणि पर्यावरणाचा स्वतंत्र विभाग आहे ना, खंडवा रोडच्या कॅम्पसवर? एम.टेक.च्या मुलांना प्रकल्प हवेच असतात. विभागप्रमुखांना भेटून बघा.

---

वॉटमीटर | १५ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

उत्तम. मुलांनी माझे आकडे खोटे ठरवले तर मला आवडेल. तासांचे अंदाज तर मी खजिनदारांच्या भरवशावर घेतलेत.

---

जिरावन | १५ नोव्हेंबर, दुपारी १२.०५

एक आयडिया. आपल्या महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले की नाही? जलूदहून नर्मदेचं पाणी वर चढवायचं वीजबिल कमी करायला ६० मेगावॉटचं सोलर. लोकांनी उड्या मारून घेतले. आपणही मंडळाचे बाँड काढू, सभासदांना व्याजाऐवजी नाटकाचे पास!

---

ताळेबंद | १५ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

बाँड, ठेव, व्याज हे शब्द मंडळाच्या ठरावात दिसले तर मी हा धागा सोडून जाईन. देणगी घ्या. २,००० रुपयांवर रोख घेऊ नका, ८०जीला चालत नाही. ८०जी हातात आल्यावर प्रत्येक देणगीची माहिती १०बीडी फॉर्ममध्ये भरायची आणि देणगीदाराला १०बीईचं प्रमाणपत्र द्यायचं, ३१ मेच्या आत. आणि सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते हे आधीच सांगा, नाहीतर जुलैमध्ये निम्मे सभासद तुमच्या दारात.

माझा क्रम: आधी २७-२८ची थकलेली माहिती, मग ८०जी, मग सीएसआर-१, आणि पट्ट्याचा शोध रोज. कंपनीकडे पुढच्या आर्थिक वर्षाचं अंदाजपत्रक ठरायच्या आधी पोचलात तर खूप झालं. मागायचं फक्त सोलर आणि पत्रा. ट्यूब, पंखे, स्टेजचे दिवे स्वतः बदलून जा. 'आम्ही आमच्या पैशाने भार १३ किलोवॉटने उतरवला, हे आधीचं बिल, हे नंतरचं' असं सांगणाऱ्याला लोक बसवून घेतात.

हो, आणि घटनेत 'महाराष्ट्रीय सभासदांसाठी' असं काही आहे का? वाचनालय, वर्ग, शिबिरं सगळ्यांना खुली असल्याचं कागदावर दिसू द्या.

---

नवा_खजिनदार | १५ नोव्हेंबर, रात्री ९.१७

खुली आहेतच. मुलांच्या वर्गात निम्मी मुलं हिंदी बोलणारी असतात, कागदावर मात्र आजवर कोणी लिहिलं नाही. ठरावात घेतो.

पंख्यांसाठी सभासदांना आवाहन टाकलं: एक पंखा, ३,००० रुपये. एका दिवसात अकरा झाले.

---

जुनी_स्नेहलतागंज | १६ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. नातीकडून टाइप करून घेतेय.

बाळ, पंखे बदलताय ते बरोबरच असेल. पण १९७४ साली आमच्या सासूबाईंच्या स्मरणार्थ आम्ही एक पंखा दिला होता. पात्यावर लाल ऑइलपेंटने नाव आहे. यांचा तेव्हा पगार किती होता ते सांगत नाही. अजूनही कार्यक्रमाला आले की मी त्या पंख्याखालची खुर्ची धरते. पंखा हळू फिरतो, वारा काही लागत नाही. त्या पंख्याचं काय करणार तुम्ही?

---

उगाच_शंका | १६ नोव्हेंबर, दुपारी ४.५२

भंगारात मोटरीच्या तांब्याचे पैसे येतील, ते धरलेत का हिशोबात?

---

जिरावन | १६ नोव्हेंबर, दुपारी ४.५५

अरे शंकासुरा, जरा थांब की रे.

---

वॉटमीटर | १६ नोव्हेंबर, सायंकाळी ५.४०

वहिनी, जुन्या पंख्याचं पातं स्क्रूने बसवलेलं असतं, सहज सुटतं. मोटर भंगारात जाऊ दे, पाती ठेवू. वाचनालयाच्या जिन्याची भिंत रिकामी आहे, तिथे रांगेने लावता येतील. मी ड्रिल घेऊन येतो.

---

नवा_खजिनदार | १६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

आजी, नमस्कार. काकांचं म्हणणं कार्यकारिणीत मांडतो. मी एवढी वर्षं त्या पंख्यांखाली बसलो, वर बघून एकही नाव वाचलं नाही हे खरं.

---

नवा_खजिनदार | २३ नोव्हेंबर, रात्री ८.२०

ताजी बातमी.

ट्यूब ४४च्या ४४ बदलल्या. मागच्या सहा वर्षांच्या २७-२८चे कागद तयार, विलंब शुल्कासकट भरायचे आहेत. ८०जीचा अर्ज गेला. विद्यापीठातून दोन मुलं आणि एक मॅडम येऊन मीटर लावून गेले, अहवाल यायला तीन आठवडे. सचिव पुन्हा मराठीत बोलू लागले, कारण पत्र्याच्या इन्सुलेशनची कल्पना आता त्यांची आहे.

पट्टा सापडला! गणपतीच्या आरासीच्या ट्रंकेत, थर्मोकोलच्या मखराखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. मुदत संपून चार वर्षं झालीत. नूतनीकरणाचा अर्ज लिहायला घेतलाय. ताळेबंद सर, व्यनि बघा.

आज पहिले चार पंखे उतरवले. तिघांवरची नावं स्वच्छ वाचता आली, घरच्यांना फोन केले. चौथ्यावरचा रंग उडालाय. 'कै. सौ.' एवढं दिसतं आणि खाली १९६८. मधलं काहीच नाही. जुन्या पावतीपुस्तकात त्या सालची पानं वाळवीने खाल्लीत. कोणाला आठवत असेल तर कळवा, पातं बाजूला ठेवलंय.

---

जुनी_स्नेहलतागंज | २३ नोव्हेंबर, रात्री ८.५८

स्टेजकडे तोंड केलं की डाव्या हाताचा तिसरा का? मग मला माहीत आहे. इथे नको, नात फोन लावून देतेय.